एस्. टी.ची गाडी आणि वाडीवरचा विद्यार्थी

विद्यादानाचें कार्य पवित्र आहे, असें आपण सर्वच म्हणतों. शाळेची इमारत, तेथील शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण यांविषयीं आपल्या सभांतून व वार्षिकांतून पुष्कळ लिहिलें-बोललें जातें. परंतु विद्यार्थी घरून निघून शाळेच्या दारापर्यंत येतो कसा, या प्रश्नाकडे लक्ष क्वचितच जातें. जणूं कांहीं घंटा झाली कीं मुलें वर्गांत आपोआप उगवतात! वस्तुस्थिति तशी नाहीं. आणि कर्जत व खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत तर ती मुळींच तशी नाहीं. येथें शिक्षणाचा पहिला धडा रस्त्यावर सुरू होतो. आणि तो रस्ता ओलांडण्याचें साधन ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्यापुढें पुढचे सर्व धडे मिटलेलेच राहतात. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही एका साध्या वस्तूचा, म्हणजे सार्वजनिक मोटारगाडीचा, किंवा सर्वांच्या तोंडीं असलेल्या शब्दांत सांगावयाचें तर एस्. टी.चा, विचार करण्याचें योजिलें आहे.

दळणवळणाच्या इतिहासांत आपला मुलूख कांहीं अपरिचित नाहीं. कोंकण व घाटमाथा यांना जोडणारी बोरघाटाची वाट फार जुनी. सन १८३० मध्यें, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, ती चाकांच्या वाहनांसाठीं खुली झाली. सन १८५६ मध्यें आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पलीकडे खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग सन १८५८ मध्यें सुरू झाला. पण मधला घाट तसाच राहिला. त्यामुळें पुढें कांहीं वर्षें मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस उतरे, पालखींतून, तट्टावर किंवा पायीं घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे. सन १८६३ मध्यें घाटांतील लोहमार्ग पुरा झाला व ही यातायात संपली. सन १९०७ मध्यें नेरळहून माथेरानावर छोटी आगगाडी चढूं लागली. सन २००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग संपूर्ण खुला झाला, आणि तोही खालापूर तालुक्यांतूनच गेला. घाटाची वाट साहेबाला दाखविणाऱ्या शिंग्रोबा धनगराची लोककथा आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. घाटांतील त्याच्या देवळापाशीं मोटारवाले आजही नाणें टाकून पुढें जातात.

इतके मार्ग असतांना रस्त्याविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें नव्हे काय, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर असें आहे, कीं हे सारे उभे मार्ग आहेत. ते मुंबईस पुण्याशीं जोडतात. वाटेंत कर्जत, खोपोली, चौक हीं गांवें लागतात एवढेंच. आपल्या तालुक्यांचें नित्याचें जीवन मात्र आडव्या वाटांनीं चालतें. खांडसहून कशेळ्यास, कशेळ्याहून कर्जतास किंवा नेरळास, आंबिवलीहून बाजारास, वावोशीहून खोपोलीस, डोंगराच्या पोटांतील ठाकूरवाडीहून व कातकरवाडीहून पायथ्याच्या शाळेस, अशा या वाटा. या वाटांवर रूळ नाहींत व कधीं पडणारही नाहींत. जो मुलगा कर्जतहून मुंबईस जातो त्याला लोकल गाडी आहे. पण जी मुलगी खांडसहून कर्जतास येते तिला मोटारीवांचून गति नाहीं. शंभर किलोमीटरांवरची मुंबई आपणांस जवळ झाली, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांवरची शाळा दूर राहिली, हा आपल्याकडील विरोधाभास आहे.

हीच उणीव ओळखून एस्. टी. जन्मास आली. त्यापूर्वी मोटारवाहतूक खासगी मालकांच्या हातीं होती. जेथें उतारू पुष्कळ तेथें त्यांची चढाओढ, आणि जेथें उतारू थोडे तेथें शुकशुकाट, अशी ती स्थिति. या धंद्याची पाहणी प्रा. धनंजयराव गाडगीळ व श्री. गोगटे यांनीं केली, व ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें सन १९३५ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें ता. १ जून १९४८ रोजीं, त्या वेळच्या अहमदनगर व पुणें या शहरांच्या दरम्यान, सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धांवली. सन १९५० च्या कायद्यानें अशा सेवांसाठीं महामंडळें स्थापण्याची तरतूद झाली. आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर आजचें महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभें राहिलें. आज त्याचे ३१ विभाग व सुमारें अडीचशें आगारें आहेत. आपल्या रायगड विभागाचें ठाणें पेण येथें असून कर्जत हें त्यांतील एक आगार आहे.

‘गांव तेथें एस्. टी.’ हें या संस्थेचें ब्रीद. त्या ब्रीदानें खेड्याच्या जीवनांत काय घडविलें, तें आजच्या शहरी पिढीस सांगूनही पटणार नाहीं. संध्याकाळीं खेड्यांत मुक्कामास जाणारी व पहांटे तेथून निघणारी जी ‘मुक्कामाची गाडी’, ती गांवची घड्याळच होती. तिच्या आवाजावर चूल पेटे, गुरें सुटत, विद्यार्थी दप्तर आवरी. चालक व वाहक देवळाच्या ओसरीवर निजत आणि गांव त्यांना आपल्या घरचें जेवण देई. तालुक्याच्या गांवीं शिकणाऱ्या मुलाचा डबा याच गाडीनें जाई, वर्तमानपत्र याच गाडीनें येई, आजारी माणूस याच गाडीनें दवाखान्यांत पोंचे. सरकार म्हणून जें कांहीं असतें, तें पुष्कळ खेड्यांना प्रथम या तांबड्या गाडीच्या रूपानेंच दिसलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां या गाडीचा व शिक्षणाचा संबंध अधिक बारकाईनें पाहूं. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षें वयाच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. त्याखालील नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असा दंडक आहे. हें योग्यच झालें. परंतु आठवी संपली कीं हा हक्कही संपतो. नववी-दहावीची शाळा किती दूर असावी, याविषयीं हा कायदा मौन धरतो. म्हणजे ज्या वयांत मुलाची बुद्धि फुलूं लागते, आणि ज्या वयांत मुलीविषयीं आईबापांची काळजी वाढूं लागते, नेमक्या त्याच वयांत शाळा एकदम पांच-दहा-वीस किलोमीटर दूर जाते. कायद्याचा हात जेथें सुटतो, तेथें गाडीचा हात मिळाला तर मूल पुढें जातें. न मिळाला तर तें शेतावर, वीटभट्टीवर किंवा धाकट्या भावंडांच्या राखणीस जातें. प्रश्न येवढाच व इतका स्पष्ट आहे.

यांत भर अशी कीं लहान शाळाही टिकतातच असें नाहीं. सन २०१७ मध्यें, दहापेक्षां कमी विद्यार्थी असलेल्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलांस जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय राज्यांत जाहीर झाला होता व त्यावर मोठा वादही झाला. लहान शाळा राखाव्या कीं मोठ्या शाळांत मुलें एकत्र आणावीं, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. मात्र शाळा मुलांपासून दूर नेणाऱ्यानें मुलांस शाळेपर्यंत नेण्याचें उत्तरदायित्व पत्करलेंच पाहिजे, हें कोणाही निःपक्षपाती मनुष्यास मान्य व्हावें. आपल्याच मातींतील हुतात्मा भाई कोतवाल यांचें या प्रसंगीं स्मरण होतें. सिद्धगडावर ता. २ जानेवारी १९४३ रोजीं त्यांनीं व हिराजी पाटील यांनीं देह ठेविला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्यापूर्वीं कोतवालांनीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं खेडोपाडीं शाळा चालविल्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मूल शाळेकडे येऊं शकत नाहीं तर शाळेनें मुलाकडे जावें, ही त्यांची रीत. आज सर्व विषयांची शाळा प्रत्येक वाडीवर नेणें शक्य नाहीं, हें खरें. म्हणूनच वाडी व शाळा यांच्यामध्यें गाडी हवी.

केवळ अंतरानें शिक्षण कसें खुंटतें, व अंतर कमी होतांच तें कसें वाढतें, याचा पुरावा परप्रांतांतून मिळतो. बिहार सरकारनें सन २००६ मध्यें नववींत जाणाऱ्या मुलींस सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन् व निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या योग्य वयाच्या मुलींची संख्या या योजनेमुळें सुमारें तीस टक्क्यांनीं वाढली, व ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गांवांत झाली, असें त्यांस आढळलें. मुलींची बुद्धि तीच, शिक्षक तेच, पुस्तकें तींच. बदललें तें केवळ साधन. बिहारचा प्रदेश सपाट आहे. आपल्याकडे डोंगर, ओढे आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. येथें सायकल पुरी पडणार नाहीं. येथें तिचें काम मोटारीनेंच केलें पाहिजे. आपल्या राज्यांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठीं निळ्या गाड्या सुरू झाल्या, त्या याच विचारानें.

येथें कोणी म्हणेल, कीं सवलतींची तर रेलचेल आहे! तें खोटें नव्हे. पांचवी ते बारावीच्या मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेनें घर ते शाळा हा प्रवास विनामूल्य आहे. इतर विद्यार्थ्यांस मासिक पास एकतृतीयांश दरांत मिळतो, व अलीकडे तो शाळेंतच आणून देण्याचीही प्रथा सुरू झाली आहे. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून फुकट, व सर्व स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्ध्या भाड्यांत प्रवास करतां येतो. या सवलतींचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु सवलत ही तिकिटावर असते, आणि तिकीट गाडींत मिळतें. जी गाडी येतच नाहीं, किंवा शाळेची प्रार्थना होऊन गेल्यावर येते, तिच्यांतील फुकट जागेचा उपयोग काय? दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत, अशी ही गत होते. आमच्या मतें विद्यार्थ्यास दिलेली सर्वांत मोठी सवलत म्हणजे वेळेवर येणारी गाडी. तिचें पुरें भाडें देऊनही गरीब बाप मुलाला पाठवील. पण न येणाऱ्या गाडीचें भाडें माफ केल्यानें कोणी शिकत नाहीं.

गाडी थांबली म्हणजे काय होतें, तें अलीकडेच सर्वांनीं पाहिलें. करोनाच्या सांथीनें दीड वर्ष शाळा बंद होत्या. ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासूनचे वर्ग पुन्हां भरूं लागले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस्. टी.च्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत चालला. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत अर्थ नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. पहांटेच्या काळोखांत घाटांतून गाडी नेणाऱ्या चालकास पोटापुरतें व वेळेवर वेतन मिळालेंच पाहिजे. परंतु या सहा महिन्यांत ज्या मुलांची शाळेची संवय मोडली, त्यांतील सर्वच पुन्हां परतलीं असतील काय? करोनापूर्वीं महामंडळापाशीं अठरा हजारांवर गाड्या होत्या. नंतर तो आंकडा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या म्हणजे प्रथम कोणती फेरी कमी होते, हें सांगण्यास ज्योतिषी नको. मोठ्या शहरांमधली भरगच्च फेरी राहते. वाडीची पहांटेची फेरी जाते.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. एस्. टी. तोट्यांत आहे, पांच-दहा मुलांसाठीं वाडीपर्यंत गाडी नेणें हें तिला परवडणार कसें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सन १९५० च्या ज्या कायद्यावर अशीं महामंडळें उभीं आहेत, त्याच्या १८ व्या कलमांत, कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंगत वाहतूक पुरविणें हें महामंडळाचें कर्तव्य सांगितलें आहे. आणि २२ व्या कलमांत, त्यानें आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा, असें म्हटलें आहे. वरवर पाहतां हीं दोन कलमें एकमेकांच्या उलट वाटतात. पण व्यापाराचें तत्त्व म्हणजे प्रत्येक फेरी नफ्याची असावी, असें नव्हे. शहाणा दुकानदार मिठाच्या पुडीवर फारसें कांहीं मिळवीत नाहीं. तरी तो मीठ ठेवतो, कारण त्यावांचून गिऱ्हाईक दुकानांत येत नाहीं. वाडीहून शाळेस आलेली मुलगी उद्यां नोकरीस जाईल, माहेरीं येईल, मुलांना घेऊन यात्रेस जाईल, व जन्मभर गाडींत बसेल. आज तिला रस्त्यावर सोडणारा उद्यांचें उत्पन्नच रस्त्यावर सोडतो.

आणि इतकें करूनही जो तोटा उरेल तो महामंडळाच्या माथीं न मारतां सरकारनें उघडपणें भरावा, हें न्यायाचें आहे. सवलतीच्या तिकिटांची भरपाई सरकार महामंडळास देतें; मग शाळेच्या वेळच्या अल्प उत्पन्नाच्या फेऱ्यांची भरपाई कां देऊं नये? एका हातानें प्रवासी कर म्हणून तिकिटाच्या उत्पन्नांतून साडेसतरा टक्के घ्यावयाचे व दुसऱ्या हातानें तोट्याबद्दल दोष द्यावयाचा, ही रीत अनेक वर्षें चालत आली. शाळेच्या इमारतीनें नफा मिळवावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. शाळेपर्यंतच्या गाडीनें तो मिळवावा, ही अपेक्षा तरी कां असावी? ती गाडी म्हणजे शाळेचाच चालता व्हरांडा आहे.

दुसरा आक्षेप असा, कीं सहा-आसनी रिक्षा, मिनीडोर व ईको गाड्या आतां सर्वत्र झाल्या आहेत; एस्. टी.ची गरज उरली कोठें? या गाड्या चालविणारे आपल्याच गांवचे कष्टाळू तरुण आहेत, व अडीनडीला त्यांनीं कित्येकांस घरीं पोंचविलें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अशी गाडी भरल्यावांचून सुटत नाहीं. तिला वेळापत्रक नाहीं, पास नाहीं, आणि जेथें उतारू नाहींत तेथें ती जाणारही नाहीं. तिनें जावें असें म्हणण्याचा आपणांस अधिकारही नाहीं. तो अधिकार सार्वजनिक सेवेवरच चालतो. कर्जतच्या परिसरांत अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं व खासगी विद्यापीठही आलें. उच्च शिक्षण असें जवळ येत असतां, भाडें परवडतें त्यानेंच तेथवर जावें, अशी स्थिति झाली, तर त्याचा लाभ दुरून येणाऱ्यांसच अधिक होईल.

कांहीं पालक दुचाकीचा मार्ग पत्करतात. मुलगा पंधरा वर्षांचा होतो न होतो तोंच त्याच्या हातीं गाडी दिली जाते, आणि पाठीमागें दोन भावंडें बसतात. या पालकांची अडचण आम्ही जाणतों. तरी हा मार्ग धोक्याचा व बेकायदा आहे, हें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. सन २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. पण दंड करून प्रश्न सुटत नाहीं. बापाला हा धोका पत्करावा लागतो, यांतच सार्वजनिक गाडीची उणीव दिसून येते.

कोणी असेंही म्हणतात, कीं डोंगरांतल्या वाड्यांना जावयाचें तर प्रथम रस्ताच नाहीं. गाडीची गोष्ट कशाला? येथें लेखणी जड होते. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं आपल्या खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या पायथ्यावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हातीं आले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. माती उपसण्याचीं यंत्रें खालींच राहिलीं. मदत करणारे पायीं चढले व हातांनीं माती काढीत राहिले. रस्ता असता तर दरड कोसळली नसती, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्या वाडीला रस्ता नाहीं, तिच्याकडे शिक्षक, डॉक्टर, अधिकारी व मदत हीं सर्वच उशीरां पोंचतात. आणि आपणही तिच्याकडे उशीरां, म्हणजे संकट ओढवल्यावरच, पाहतों, हें सत्य त्या रात्रीनें आपल्यापुढें ठेविलें. वाचलेल्या कुटुंबांस पुढें चौकच्या परिसरांत घरें बांधून देण्यांत आलीं. तें चांगलेंच झालें; परंतु अशा वाड्या आपल्या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरांत अजून पुष्कळ आहेत. जेथवर आज गाडी जाऊं शकते तेथवर ती नेमानें जावी, म्हणजे त्यापुढच्या रस्त्याची मागणीही कोणी तरी रोज आपल्या डोळ्यांनीं पाहील.

मग करावें काय? आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहींत. पहिली ही, कीं दरवर्षीं मे महिन्यांत, शाळा उघडण्यापूर्वीं, आगार व्यवस्थापक, तालुक्यांतील शाळांचे मुख्याध्यापक व गांवोगांवचे सरपंच यांनीं एकत्र बसून शाळेच्या घंटा व गाड्यांच्या वेळा एकाच कागदावर मांडाव्या. गाडीला पाऊण तास आधीं आणतां येत नसेल, तर शाळेनें आपली घंटा थोडी पुढें न्यावी; त्यांत कमीपणा कसला? दुसरी ही, कीं लांबच्या गांवांची मुक्कामाची गाडी जेथें बंद पडली असेल तेथें ती पुन्हां सुरू करावी. पहांटे निघण्यासाठीं गाडी रात्रीं तेथेंच असणें याहून सोपा उपाय नाहीं. तिसरी ही, कीं अरुंद व चढाच्या रस्त्यांवर मोठी गाडी जात नाहीं या सबबीवर फेरी बंद न करतां लहान गाडी द्यावी. चौथी ही, कीं कर्जत, नेरळ व खोपोली या स्थानकांवर लोकलची वेळ व मोटारीची वेळ एकमेकींस जुळवून घ्यावी. स्वित्झर्लंडचा देश आपल्याहून अधिक डोंगराळ. तेथें पोस्टखात्याच्या पिवळ्या मोटारी सन १९०६ पासून डोंगरांतल्या खेड्यांकडे जात आल्या आहेत. आगगाडी आली कीं स्थानकाबाहेर मोटार उभी असावी, असें तेथील वेळापत्रकाचें धोरण आहे. तो देश श्रीमंत आहे खरा. परंतु दोन वेळापत्रकें शेजारीं ठेवून वाचण्यास श्रीमंती लागत नाहीं.

या सूचना सरकारनें व महामंडळानें ऐकाव्या, असें आम्हांस वाटतें. पण केवळ त्यांच्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. ‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं. पालकांनीं ग्रामसभेंत रस्ता व पाणी यांच्याबरोबर गाडीचाही विषय काढावा, ठराव करावा, व त्याची प्रत आगारांत पोंचवावी. स्वतःला शक्य असेल तेव्हां एस्. टी.नेंच प्रवास करावा. कारण ज्या गाडींत गांवचे प्रतिष्ठित लोक बसत नाहींत, ती बंद पडली तर दाद मागण्यास कोणी उरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. गाडी तुमची आहे, ती तुम्हीच जपली पाहिजे. आसनाच्या कातड्यावर कर्कटकानें नांव कोरणारा मुलगा इतिहासांत आपलें नांव कोरीत नसतो. रांगेनें चढा, म्हातारीस, तान्हें मूल घेतलेल्या बाईस जागा द्या, वाहकास ‘काका’ म्हणून नीट बोला. कोठें कांहीं दंगा झाला कीं पहिला दगड एस्. टी.च्या कांचेवर पडतो, ही महाराष्ट्राची जुनी खोड आहे. ती फुटलेली कांच शेवटीं कोणाच्या वाटेंत पडते, याचा विचार करा. दुरुस्तीस गेलेली गाडी उद्यां सकाळीं वाडीवर जात नाहीं. आणि तुमच्याच वर्गांतील एक बाक रिकामें राहतें.

‘घोडें मेलें ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें’ अशी एक म्हण आहे. आपल्या डोंगरांतल्या मुलांच्या पाठीवर दप्तराचें ओझें फारसें नाहीं; त्यांची शक्ति हेलपाट्यांतच संपते. सकाळचे दोन तास व संध्याकाळचे दोन तास चालून जो मुलगा वर्गांत पेंगतो, त्यास मंदबुद्धि म्हणणें अन्यायाचें आहे. ते चार तास त्यास परत द्या, मग त्याची बुद्धि पाहा! हे तास परत देण्याचें सामर्थ्य त्या साध्या तांबड्या गाडींत आहे. ती वेळेवर यावी, नेमानें यावी, व शेवटच्या वाडीच्या फाट्यापर्यंत यावी, येवढीच आमची मागणी आहे. आणि ती पुरी होईतों पालक, शिक्षक व विद्यार्थी या सर्वांनीं ती एकमुखानें करीत राहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.